डावाचा श्रीगणेशा

“डावाच्या आरंभीच्या कोणत्या खेळ्या पाठ कराव्यात?” बुद्धिबळाचे नवे शौकीन मला नेहमी विचारतात. मी म्हणतो, खेळी पाठ करण्याआधी तिचा हेतू ओळखा. प्रतिस्पर्ध्याने एक खेळी बदलली, की पाठांतर लंगडे पडते.

समजा, दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. पांढऱ्याने राजाकडचा घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर मारा धरला. काळ्याने वजिराकडच्या घोड्याने त्याला जोर दिला. आता पांढऱ्याने राजाकडचा उंट, केवळ काळ्या राजाचाच जोर असलेल्या प्याद्यावर रोखला, तर तो इटालियन डाव. तोच उंट जोर देणाऱ्या घोड्यावर रोखला, तर स्पॅनिश. स्पेनचे धर्मगुरू रुय लोपेझ यांनी १५६१ सालच्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. पांढऱ्याच्या पहिल्याच खेळीला काळ्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवून उत्तर दिले, तर तो सिसिलियन बचाव.

वाटा निराळ्या, भांडण एकच: पटावरच्या मधल्या चार घरांचे. तेव्हा फराळानंतर पट मांडाल, तर प्रत्येक खेळीआधी दोन प्रश्न जरूर विचारा: मधली घरे कोणाच्या ताब्यात? आणि माझा राजा किल्लेकोटात केव्हा जाणार?