आधी चेहरा, मग आहार



सुट्टीत आलेल्या नातवाने मला मोबाइलवर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ दाखवली. मालिका 1987 ची. तिच्यातल्या माणसांची भूक आणि गरिबी कधीच मिटली आहे. ‘कॅप्टन कुठे आहेत?’ असे अंतराळजहाजावर कुणीही विचारावे, संगणक लगेच सांगतो. म्हणजे पाळत आहे, पण ती कॅप्टनवरही आहे. शिवाय छातीवरचा बिल्ला काढून ठेवला की संगणकाला माणूस सापडत नाही. मला भावले ते भिंतीतले यंत्र. चहा मागितला की चहा देते, ओटीपी विचारत नाही!

आमच्या जव्हार तालुक्यातल्या वावर गावी नेमके उलटे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीत शंभरावर बालके कुपोषणाने दगावली, तोच हा मुलूख. 1 जुलै 2025 पासून अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर चेहरा जुळल्यावरच घरी न्यायचा आहार द्यायचा, अशी सक्ती आहे. परवा एका पाड्यावर पाहिले. कडेवर पोर घेतलेली बाई रेंजसाठी टेकाडावर उभी आणि सेविका सांगतेय, “हलू नको गं, डोळे मिचकाव.” दोनदा जुळला नाही. तिसऱ्यांदा पदर मागे सारला, तेवढ्यात रेंज गेली. दुसरीची ई-केवायसीच अडलेली, कारण ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. आहाराची पाकिटे मात्र अंगणवाडीत समोरच पडलेली.

बोगस नावे गाळायला ही चेहऱ्याची पडताळणी हवी, असे म्हणतात. बोगस नावे असतात, नाही म्हणत नाही. पण रोजगार हमीच्या कामावर 2023 पासून मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो सक्तीचे केले, त्याचे काय झाले? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावे लागले की फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जाते. चोराने वाट काढली, उन्हात ताटकळला तो मजूर. पाळत कॅप्टनवर असते तशी वरच्यांवरही हवी : ठेकेदाराच्या गोदामातून पाकिटे कधी निघाली, हे त्या टेकाडावरच्या बाईला त्याच मोबाइलवर पाहता आले, तर मीही त्याला ट्रॅकर म्हणेन.

महिला व बालविकास विभागाला विनंती एवढीच : चेहरा जुळो न जुळो, पाकीट त्याच दिवशी आईच्या हातात द्यावे, पडताळणी मागाहून करावी. तसा लेखी आदेश पावसाळ्यापूर्वी निघावा. पावसात टेकाडावरही रेंज नसते.

– एक वाचक, वावर (ता. जव्हार, जि. पालघर)