मेक्सिकन भोजन आणि 'करण'विचार

टाको, बरीटो इत्यादी मेक्सिकन पद्धतीचे पदार्थ शहरांतील अनेक कुटुंबांच्या रात्रीच्या जेवणात रुळले आहेत. हे घरी पथ्यकर रीतीने कसे करावे, असे रुग्ण विचारतात, तेव्हा 'वर्ज्य' एवढेच उत्तर देणे आमच्या मते पुरेसे नाही. अशा उत्तराने रुग्ण पदार्थ सोडत नाही, वैद्याला विचारणे सोडतो.

चरकाचार्यांनी आठ आहारविधिविशेषायतनांत 'करण' म्हणजे संस्कार स्वतंत्रपणे सांगितला आहे. मेक्सिकोचे परंपरागत अन्न हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. त्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढते आणि मक्यातील बद्ध नायासिन शरीरास उपलब्ध होते. मका युरोपात गेला, परंतु हा संस्कार मागेच राहिला. केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये या व्याधीची नोंद केली. द्रव्य तेच होते, करण मात्र सुटले होते.

मका, राजमा, मिरची व टोमॅटो ही मूळची अमेरिका खंडातील द्रव्ये असल्याने संहितांत त्यांचे वर्णन नाही. 'राजमाष' म्हणजे सामान्यतः चवळी मानली जाते. नामसाधर्म्यावरून तिचे गुण राजम्यास लावू नयेत. राजम्याचे गुरुत्व व वातकरत्व मात्र नित्य अनुभवास येते. मेक्सिकोतही घेवडा शिजवताना आध्मान टाळण्यासाठी एपाझोते नावाची वनस्पती घालतात. आपल्याकडे हेच कार्य ओवा व हिंग करतात.

म्हणून रुग्णास पुढीलप्रमाणे सांगावे. राजमा 8 ते 10 तास भिजवून ते पाणी टाकावे व कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. अर्धकच्च्या राजम्याने वांती व अतिसार होतो. फोडणी अल्प तेलात जिरे, ओवा, हिंग व लसणाची द्यावी. तयार मसाल्याची पुडी टाळावी, कारण तीत मीठ बरेच असते. तळलेल्या कवचाऐवजी मक्याची तव्यावर भाजलेली टोर्टिया घ्यावी, चीज नाममात्र असावे. सावर क्रीमऐवजी दही घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु रात्री दधिसेवन चरकाचार्यांनी निषिद्ध मानले आहे. त्यापेक्षा टोमॅटो, कांदा, कोथिंबीर व लिंबू यांचा ताजा साल्सा, म्हणजे एक प्रकारची कोशिंबीरच, योग्य होय. अग्नी मंद असल्यास राजम्याऐवजी मूग योजावेत. राशी मित असावी आणि भोजन निद्रेपूर्वी दोन-तीन तास व्हावे.

औषधालयचालक बंधूंनाही एक विनंती आहे. अशा जेवणानंतर पाचक चूर्ण मागणारा ग्राहक नेहमीचा असतो. त्याला लवणभास्कर देण्यापूर्वी रक्तदाबाची चौकशी अवश्य करावी. आधीच खारट भोजन, त्यावर लवणप्रधान चूर्ण, हा योग अशा रुग्णास हितकर नाही. पाचक चूर्ण म्हणजे अपथ्याचा परवाना नव्हे, हे ग्राहकास सांगणे आपले कर्तव्य आहे.

परदेशी पदार्थ आला म्हणून शास्त्र अपुरे पडत नाही. ते लावून दाखविण्याचे श्रम मात्र आपण घेतले पाहिजेत.