सिंहासन सोडण्याचे धैर्य

काळ कठीण आला की आपल्या दिवाणखान्यांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो – ‘आता कोणीतरी खंबीर माणूसच हवा!’ महागाई वाढो, सीमेवर तणाव निर्माण होवो वा हातच्या नोकऱ्या जावोत, उपाय एकच. कोणीतरी यावे, दंडुका उगारावा आणि सारे सुरळीत करून द्यावे. या उद्गारात देशाची काळजी असते, हे मान्य. परंतु त्यात मोठा वाटा असतो तो स्वतःची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याच्या इच्छेचा. आणि याला आधार म्हणून नाव घ्यायचे ते शिवछत्रपतींचे! शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी, हे वाक्य ज्याने प्रथम उपहासाने उच्चारले असेल, त्याला पुढे तेच आपले धोरण होईल याची कल्पनाही नसेल.

शिवरायांनी घडविलेल्या राज्याची खरी परीक्षा त्यांच्या पश्चात, १६८९ साली झाली. फेब्रुवारीच्या आरंभी छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांची क्रूर हत्या केली. मोगली फौजा रायगडाला भिडल्या. बादशहा स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये त्याने गिळंकृत केलेले. आता उरले होते ते एवढे एकच राज्य. उद्याचा दिवस कसा उजाडेल, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

अशा वेळी गडावर निर्णय कोणी घेतला? महाराणी येसूबाईंनी. त्यांचे पुत्र शाहू तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. वारसाहक्क त्यांचा होता आणि तो कोणी नाकारलाही नसता. परंतु बालराजाच्या नावाने कारभार पाहावा असा तो प्रसंग नव्हता. येसूबाईंच्या संमतीने एकोणीस वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण झाले. ज्या राजारामांना गादीवर बसविण्यासाठी १६८० मध्ये कारस्थाने झाली आणि त्यामुळे पुढे ज्यांना नजरकैदेत राहावे लागले, तेच हे राजाराम! घरातील जुने वैर उगाळीत बसण्यास कारणे पुष्कळ होती. बाईंनी ती बाजूला सारली. राजारामांनी वेढ्याबाहेर पडावे आणि आपण बाळासह गड लढवावा, असे ठरले. एप्रिलमध्ये राजाराम निसटले. केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या साहाय्याने कर्नाटक ओलांडून ते जिंजीला पोहोचले. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले.

यानंतरच्या लढ्याचे वर्णन करताना काही विद्वान म्हणतात, राजा दूर, खजिना रिकामा. तेव्हा हे लोकांनी आपसूक लढलेले युद्ध होते, नेतृत्वाची गरजच पडली नाही. हा दुसऱ्या टोकाचा भ्रम आहे. आपसूक काहीही होत नसते. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण किल्ले, रसद व माणसे सांभाळीत होते. जिंजीत प्रल्हाद निराजी राजकारण पाहत होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली फौजांना उसंत घेऊ देत नव्हते. नेतृत्व होते, एका माणसात साठलेले मात्र नव्हते. म्हणूनच १७०० साली राजाराम निवर्तले तरी लढा थांबला नाही. ताराबाईंनी तो पुढे नेला. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरपाशी मरण पावला, तेव्हाही महाराष्ट्र अजिंकच होता.

या काळाचे नुसते गोडवे गाणेही बरे नव्हे. माणसे टिकवण्यासाठी वतने द्यावी लागली. शिवछत्रपतींनी ज्या प्रवृत्तीला लगाम घातला होता, तिलाच मोकळीक मिळाली. पुढे ज्या आज्ञापत्राचे कर्तृत्व रामचंद्रपंतांना दिले जाते, त्यात वतनदारांविषयी सावधगिरीचा इशारा आहे. स्वतः वतने वाटावी लागलेल्या माणसाचा तो अनुभव असावा, असे वाचताना वाटत राहते. संताजी-धनाजींत वितुष्ट आले, ते राजारामांना आवरता आले नाही आणि १६९७ मध्ये संताजींसारखा सेनानी स्वकीयांच्या हातून मारला गेला. अनिश्चित काळातले निर्णय हे असे असतात. त्यांची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात. तरीही ते घ्यावे लागतात आणि त्यांचा दोष पत्करण्याची तयारी ठेवावी लागते.

आता थोडे आपल्याकडे वळू. गावोगावच्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, उत्सव मंडळे पाहा. वीस-वीस वर्षे तेच अध्यक्ष, तेच कार्यवाह. ‘माझ्यानंतर कोण?’ हा प्रश्न ते चिंतेने विचारीत नाहीत, अभिमानाने विचारतात! वीस वर्षांत हाताखाली एकही माणूस तयार झाला नाही, ही नामुष्कीची कबुली आहे, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. अशा संस्थेवर संकट आले की पहिली धावपळ होते ती खुर्ची वाचविण्याची. आणि हेच गृहस्थ देशाला खंबीर नेता हवा म्हणून व्यासपीठावरून टाहो फोडतात. आपल्या कार्यकर्त्यांनीही येथे कानावर हात ठेवू नयेत. दायित्व बदलले की बैठकीस येणे कमी करणारे बंधू आपल्यालाही ठाऊक आहेत.

शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाईंना मात्र मोगलांनी ओलीस म्हणून ठेवून घेतले. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये त्यांना दिल्लीहून सोडवून आणले. जवळजवळ तीस वर्षे त्या कैदेत होत्या. राज्याभिषेकाचे चित्र आपल्या घरोघरी भिंतीवर असते, आणि असावेच. ज्या बाईने ते सिंहासन आपल्या मुलाच्या हाती न देता दिराच्या हाती दिले आणि स्वतः वेढ्यात मागे राहिली, तिचे चित्र आपल्यापैकी किती जणांनी लावले आहे?