साक्षीदाराची पारख

‘ल्युकेमियाशीं संबंधित अमुक प्रथिनास चिकटणारें प्रतिपिंड’ अशी जाहिरात वाचली, कीं रक्ताच्या कर्करोगावर नवें औषध निघालें, अशी पुष्कळांची समजूत होते. बाटलीवर मात्र ‘केवळ संशोधनार्थ’ असें छापलेलें असतें. परक्या पदार्थाविरुद्ध ससा, उंदीर इत्यादि प्राण्यांचें शरीर जीं प्रतिपिंडें बनवितें, त्यांचाच हा उपयोग होय. अमुक प्रथिन या पेशींत आहे, एवढी साक्ष तें देतें.

ॲबल या प्रथिनाचें उदाहरण घेऊं. पेशीस वाढीचा निरोप पोंचविणाऱ्यांपैकीं तें एक. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें नॉवेल व हंगरफर्ड यांस क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रोग्यांत एक आखूड गुणसूत्र आढळलें. ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाल्यानें तें तसें होतें, हें जॅनेट राउली यांनीं १९७३ सालीं दाखविलें. या अदलाबदलीमुळें ॲबलला बीसीआर नांवाच्या प्रथिनाचा भाग जोडला जातो, आणि मग वाढीचा निरोप थांबतच नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें इमॅटिनिब हें औषध हाच निरोप बंद पाडतें.

विद्यार्थिमित्रांनो, खरी अडचण पुढेंच आहे. ॲबलचा जो भाग निरोगी व रोगट अशा दोन्ही रूपांत सारखाच असतो, त्यास चिकटणारें प्रतिपिंड दोहोंचीही साक्ष देणार. प्रथिनें आकारमानाप्रमाणें वेगळीं केलीं, म्हणजे निरोग्याची रेघ सुमारें १४५ हजार डाल्टनांवर व रोगटाची बहुधा २१० हजारांवर दिसते. पण भलतीच तिसरी रेघ उमटली तर?

माझें मत असें, कीं ज्या पेशींतून तें प्रथिन मुद्दाम नाहींसें केलें आहे, त्यांवर पारखल्यावांचून कोणत्याही प्रतिपिंडाची साक्ष मानूं नये. तेथेंही तीच रेघ आली, तर साक्षीदार खोटा. ही शंका पोकळ नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मज्जासंस्थेशीं निगडित ६५ प्रथिनांकरितां विकलीं जाणारीं ६१४ प्रतिपिंडें याच रीतीनें पारखलीं. निम्म्याहून अधिक एखाद्या तरी प्रयोगांत नापास झालीं! आमचे मॅट्रिकचे वर्ग याहून बरे. नापासांपैकीं कित्येकांवर विसंबून शोधनिबंधही छापले गेले होते.

पारखीस वेळ व पैसा लागतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु खोट्या साक्षीमागें संशोधक धांवतो, तीं वर्षें रोग्याच्या आयुष्यांतून जातात. म्हणून विक्रेत्यानें ही पारख करून तिचें चित्र बाटलीबरोबर द्यावें, आणि संशोधकानें आपल्या पेशींवर ती पुनः करावी.