भिंतीतल्या जुन्या तारेतून वीज घेणं, हा 'शोध' आहे का?

धुराचा अलार्म ऐनवेळी वाजला नाही, तर पहिला संशय बॅटरीवर जातो. दारावरची कॅमेऱ्याची बेल असो की हीटर सांभाळणारा थर्मोस्टॅट, अडचण तीच: उपकरण स्मार्ट झालं, पण त्याला वीज कुठून द्यायची? नव्या तारेसाठी भिंत फोडायला कोणी तयार नसतं. त्यामुळे यावरच्या उपायाचं पेटंट ज्याच्याकडे, त्याला बाजारात मोठा फायदा.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेत हनीवेलने नेस्ट या नव्या कंपनीवर सात पेटंटच्या उल्लंघनाचा खटला भरला. त्यातलं एक 'पॉवर स्टीलिंग'चं होतं. (हे नाव त्या क्षेत्रात रूढ आहे, चोरीचा आरोप नव्हे!) अनेक जुन्या घरांत थर्मोस्टॅटला वेगळी वीज देणारी तारच नसते. येतात त्या फक्त हीटर चालू-बंद करणाऱ्या तारा. मग त्याच सर्किटमधून थोडासा करंट घ्यायचा, पण इतकाच की रिले ओढला जाऊ नये. जास्त घेतला तर कोणी न सांगताच हीटर सुरू!

नेस्टचं म्हणणं होतं की असं तंत्र आधीपासून होतं, पेटंटच अवैध आहेत.

इथे २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा निकाल कामी येतो. वाद गाडीच्या पेडलचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, माहितीतले भाग जोडून अपेक्षित तेच घडत असेल, तर त्याला सहसा पेटंट मिळू नये. सामान्य तंत्रज्ञही थोडं डोकं चालवतोच की. पण उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं, म्हणून अर्जाच्या वेळी काय माहीत होतं तेच बघायचं.

आमच्या मते, 'बॅटरी काढून घरची वीज जोडली' एवढ्यावर पेटंट मिळणं अवघड. रिलेला न कळता वीज कशी घ्यायची, ही मात्र खरी इंजिनिअरिंगची डोकेदुखी आहे. भांडण व्हायचं ते त्यावरच.

उत्तर मात्र मिळालंच नाही. २०१६ मध्ये तडजोड झाली, दोन्ही बाजूंनी एकमेकांना पेटंट वापरायची मुभा दिली.

भारतातही, कलम २(१)(जेए) नुसार, जाणकाराला उघड दिसणारी गोष्ट 'शोध' ठरत नाही. आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही, अगदी तुम्हीसुद्धा, कलम २५(१) खाली लेखी हरकत घेऊ शकता.