मोबाइलला दिसते, लॅपटॉपला दिसत नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या दारातल्या चपला वाढतात. आधी पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग अकरावीचे फॉर्म. पनवेल मुंबई महानगर प्रदेशात मोडत असल्याने इथले अकरावीचे प्रवेश आधीपासूनच ऑनलाइन होत होते. २०२५ पासून साऱ्या राज्यात तीच पद्धत आली. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम लावायचा असतो. तो मोबाइलच्या इवल्या पडद्यावर लावताना बोट सरकले की तिसरे कॉलेज पाचवे होऊन बसते, आणि ते पोरीला यादी लागल्यावर कळते.

या वेळी पटेल मोहल्ल्यातली एक विद्यार्थिनी मगरिबनंतर अम्मीला घेऊन आली. काखेत लॅपटॉप होता. "टीचर, याचं वायफाय मेलंय. परवा शेवटची तारीख आहे."

लॅपटॉप जुना, वापरलेला घेतलेला. दुरुस्तीवाल्याने तो न उघडताच सांगितले होते की आतले कार्ड जळाले आहे आणि साडेतीन हजार लागतील. अम्मी बुरखे शिवते. साडेतीन हजार म्हणजे किती बुरखे, हा हिशोब त्या माऊलीने वाटेतच केला असावा.

आम्ही काही इंजिनिअर नाही. पण शाळेतल्या संगणक कक्षाच्या चाव्या बरीच वर्षे आमच्याकडे असल्याने एवढे शिकलो आहोत की "बंद पडले" हा रोग नव्हे, ती नुसती तक्रार आहे. आधी विचारावे, नेमके काय होते? लॅपटॉपला कोणतेच नेटवर्क दिसत नाही, की दिसते पण जोडले जात नाही, की जोडले जाते पण पान उघडत नाही? या तिन्हींची दुखणी वेगळी असतात. शेवटच्या प्रकारात एकदा लॅपटॉपची तारीखच चार वर्षे मागे गेलेली निघाली होती. घड्याळ चुकले की सुरक्षित साइट उघडायलाच नकार देतात.

हिच्या लॅपटॉपला घरचे नेटवर्क दिसतच नव्हते. मोबाइलला मात्र दिसत होते.

मग नेहमीचे उपाय केले. आधी वरच्या रांगेतले विमानाचे चित्र असलेले बटण पाहिले, कारण निम्म्या वेळा लहान भावंडाने तेच दाबलेले असते. जुन्या काही लॅपटॉपांना कडेला वायफायची सरकती कळही असते. नंतर लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर आणि बॅटरी काढली, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरले आणि पुन्हा सुरू केला. अडकलेले कार्ड कधीकधी एवढ्यानेच जागे होते. हे झाले नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेलो. तिथे वायरलेस कार्डाचे नाव दिसत होते आणि त्यावर पिवळी खूण नव्हती. जळालेले कार्ड सहसा अशी नीट हजेरी देत नाही. शंका तिथेच यायला हवी होती.

पण आम्ही घाई केली आणि "नेटवर्क रीसेट" दाबले. त्याने जपून ठेवलेले सगळे पासवर्ड पुसले. तळोज्याच्या खालाच्या घरचाही गेला. वाचकांनो, हे बटण शेवटी दाबावे आणि त्याआधी पासवर्ड कागदावर लिहून ठेवावेत.

शेवटी पोरीनेच विचारले, "टीचर, तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघू?" लावला. दोन सेकंदांत जोडला गेला. कार्ड ठणठणीत होते! अम्मीने तोंडावर पदर धरला. हसत होत्या की डोळे पुसत होत्या, आम्ही नीट पाहिले नाही.

आता घरच्या नेटवर्कचे नाव विचारले. नावाच्या शेवटी "५जी" होते, आणि गाठ इथेच सुटली. हे मोबाइल कंपनीचे फाइव्ह-जी नव्हे. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली हळू, पण भिंतींपलीकडे पोचते. दुसरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकते. आपल्याकडे २.४ ची पट्टी २००५ साली विनापरवाना खुली झाली, ५ ची मोठी पट्टी २०१८ साली. स्वस्तातल्या कित्येक जुन्या लॅपटॉपांची कार्डे फक्त पहिलीच ऐकतात. कार्डाच्या नावात ८०२.११ च्या पुढे नुसते बी, जी, एन असेल तर बहुधा तसेच समजावे. ए किंवा एसी असेल तर दोन्ही.

नेटवर्क वरच्या मजल्यावरच्या चाचांचे. त्यांनी शेजारधर्म म्हणून पासवर्ड दिलेला. त्यांच्या मुलाने नवा राउटर लावताना २.४ "स्लो" म्हणून बंद करून टाकले होते. त्याला चालू करायला सांगितले की काम संपले. पण अम्मी गप्प झाल्या. "फुकट वापरतो टीचर. परत कुठल्या तोंडाने जायचं?"

बिघाड होता तो इथे, आणि याला कुठल्याही मॅनेजरमध्ये पिवळी खूण येत नाही. आम्ही म्हटले, नको जायचे तर दुसरी वाटही आहे. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, नाहीतर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी वायफाय डोंगल आणा. काहीशे रुपयांत मिळतो आणि लॅपटॉप उघडावा लागत नाही. खरोखर कार्ड गेले असते तरी हाच उपाय सांगितला असता. पोरगी म्हणाली, "मीच जाते वर."

गेली. चाचा म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही स्वतःचं घेतलंत, म्हणून आमचं वापरत नाही." त्यांच्या मुलाने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ पुन्हा सुरू केले. इशाच्या आत दहाही पसंत्या भरून झाल्या, पहिली विज्ञान शाखेची.

आठवड्याने अम्मी आमच्यासाठी एक बुरखा शिवून घेऊन आल्या. शिलाई घ्यायला तयार नाहीत. ते भांडण अजून चालू आहे.