पहिली तपासणी कोणाची?

ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोगाची जनावरे आढळली आणि पाहता पाहता साथ राज्यभर पसरली. शेळ्यांच्या देवीची लस गोवंशाला देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. त्या धावपळीत गोठ्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचला तो बहुतेक ठिकाणी पदवीधर पशुवैद्यक नव्हे, तर पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक किंवा खासगी सेवा देणारा त्याचाच समव्यावसायिक. साथ ओसरली, पण तिने पुढे आणलेला प्रश्न तसाच राहिला. जनावराला पहिला हात लावणाऱ्या या माणसाला रोगाची प्राथमिक पारख कितपत शिकवली जाते?

या विषयावर आजवर झालेली चर्चा प्रामुख्याने अधिकारांची आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. मात्र पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी ही त्यांची उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत. पदवीधरांना या मुभेच्या आडून वैदूगिरी बोकाळण्याची धास्ती वाटते. पदविकाधारकांची तक्रार अशी की, काम सगळे करून घेतले जाते, मान्यता मात्र दिली जात नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण या वादात ज्ञानाचा मुद्दा मागे पडतो.

रोगाचे अंतिम निदान पर्यवेक्षकाने करावे, अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. त्याने करायची आहे ती शिस्तबद्ध पाहणी. गायीचे तापमान सर्वसाधारणपणे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. नाडी शेपटीच्या खालच्या बाजूला लागते. डाव्या कुशीवर हात ठेवला की कोठीपोटाची हालचाल दर मिनिटाला एक-दोनदा जाणवते. डोळ्यांची आतली त्वचा फिकट आहे की पिवळी, लघवी लाल आहे काय, लसिका ग्रंथी सुजल्या आहेत काय, अंगावर गोचिडे आहेत काय, एवढ्या नोंदी नेमकेपणाने झाल्या तरी थायलेरियोसिस किंवा बबेसिओसिस यांसारख्या गोचीडजन्य आजारांचा संशय वेळेत घेता येतो. त्यासाठी थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि नोंदवही पुरेशी आहे.

ही पाहणी चुकली की काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी या आजारात ताप नसतो. विल्यानंतर दोन-तीन दिवसांत रक्तातील कॅल्शियम घटते, गाय मान कुशीकडे वळवून बसते, कान थंड पडतात. थर्मामीटर न लावता तापाचे औषध टोचले तर मोलाचे तास वाया जातात. उलट, कॅल्शियम शिरेतून घाईने सोडले तर हृदयच बंद पडू शकते. म्हणजे येथे खूण ओळखणे जितके आवश्यक, तितकेच आपली मर्यादा ओळखणेही.

काही खुणा तर माणसाच्याच जिवाशी निगडित आहेत. जनावर अचानक दगावले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर काळपुळीचा संशय घेऊन शव न उघडणे हाच नियम. शव उघडल्यास जंतूंचे बीजाणू तयार होऊन जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या म्हशीच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घालणे म्हणजे रेबीजला निमंत्रण ठरू शकते. वार उघड्या हातांनी काढण्यात ब्रुसेलोसिसचा धोका असतो.

शहरी वाचकाने हा ग्रामीण भागाचा प्रश्न म्हणून बाजूला सारू नये. कासदाहाची खातरजमा न करता दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश दुधातून घराघरांत पोहोचू शकतात, आणि औषधांना न जुमानणारे जंतू तालुक्याची हद्द पाळत नाहीत. मानवी उपचारांतील शेवटचे अस्त्र समजल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांच्या बाबतीत 2019 मध्ये केंद्राने बंदी घातली, ती याच चिंतेतून.

उपाय अशक्यप्राय नाही. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 1 कोटी 40 लाख गोवंश आहे; प्रत्येक गोठ्यात पदवीधर पोहोचणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. 1962 या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकात पशुवैद्यकासोबत सहायकाची योजना आहे, म्हणजे जोडीने काम करण्याचे तत्त्व शासनाला मान्यच आहे. तेच तत्त्व गावपातळीवर न्यावे लागेल. पदविकेची परीक्षा पाठांतरावर न घेता गोठ्यातील प्रत्यक्ष तपासणीवर घ्यावी. ठरावीक वर्षांनी उजळणी सक्तीची करावी. कोणती लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवायचे, याची लेखी यादी प्रत्येकाच्या हाती द्यावी. आणि कायद्यातील 'देखरेख व निर्देश' हे शब्द कागदावर न ठेवता दूरध्वनीवरील सल्ल्याचीही नोंद व्हावी, म्हणजे जबाबदारी दोघांचीही राहील.

अधिकारांच्या सीमा आखणे हे कायद्याचे काम आहे आणि ते आवश्यकही आहे. मात्र त्या सीमेच्या आत उभ्या असलेल्या माणसाला अर्धवट ज्ञानावर सोडून दिले, तर त्याची किंमत आधी मुके जनावर, मग पशुपालक आणि अखेरीस दूध पिणारा प्रत्येक जण मोजतो.